वाटेवरचा ऐन

हरिहर टिपणीस जंगल खात्यात फॉरेस्टर होते. १९५४ साली खडवलीचा राउंड, म्हणजे तिथल्या जंगलांचा टापू, त्यांच्याकडे होता. घर कल्याणला, पारनाक्याजवळ. सोमवारी सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीनं ते खडवलीला उतरत, भातसा नदी ओलांडून पलीकडच्या चौकीवर जात, आणि शनिवारी परत येत. एकेचाळीस वर्षांचा उंच, सडसडीत माणूस. कामाला चोख, बोलायला बेताचा. खात्यात अठरा वर्षं काढली होती, पण त्यांच्या नावावर ना कधी कौतुकाचा शेरा आला होता ना ठपक्याचा.

त्यांच्या राउंडात आंबेखोरं नावाचं जंगल होतं. आदल्या वर्षी फेब्रुवारीत तिथं वणवा लागला. वणवे तसे दरसाल लागत. पाचोळा जळे, बुंधे काळे पडत आणि पावसानंतर सगळं पुन्हा फुटे. पण त्या खेपेला खोऱ्यातल्या कळकाला, म्हणजे बांबूला, फुलोरा येऊन गेला होता. कळक एकदा फुलला की मरतो. वाळलेल्या कळकाची बेटंच्या बेटं उभी होती, आणि त्यांच्यावरून आग शेंड्यांपर्यंत चढली. तीन दिवस खडवली स्टेशनवरून धूर दिसत होता. पावसाळा आला, गवत उगवलं, पण साग, ऐन, हेद, सावर अशी शेकडो मोठी झाडं काही फुटली नाहीत. ती मेली होती.

मेलेल्या झाडांचा लिलाव व्हायला वर्ष गेलं. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी-करवती घेऊन आली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. हुकूम असा होता की पंधरा मेच्या आत सगळी जळकी झाडं तोडून उचलायची, कारण पावसात राहिली तर किडा लाकूड खाऊन टाकील.

झाड तोडण्याआधी त्यावर सरकारी हातोड्याची छाप मारावी लागते. हे काम टिपणिसांचं. सोबत दगडू असे. तो खालच्या ठाकरवाडीतला. जंगलातलं झाड न् झाड ओळखणारा, पन्नाशीकडे झुकलेला गडी. दगडू कुऱ्हाडीनं साल तासून पांढरा चौकोन काढी, टिपणीस त्यावर हातोडा मारीत आणि वहीत नंबर टाकीत. तोडणारे त्यांच्या मागून येत.

वर्षभरात खोऱ्यात एक गोष्ट घडली होती आणि ती दोघांच्याही लक्षात आली होती. सुतारपक्षी वाढले होते. पूर्वी दिवसभरात एखादा दिसे. आता सकाळी चौकीच्या पायरीवर उभं राहिलं तरी चार दिशांनी टकटक ऐकू येई. सोनेरी पाठीचे, लाल तुऱ्याचे, शिवाय लहान ठिपक्यांचेही.

"आग गेली आन् ह्ये आले," दगडू म्हणाला. "मेल्या लाकडात अळी झालीया ना. पाटलाच्या घरच्या लग्नाला जमावं तशी जमल्यात बगा."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तोडणाऱ्यांनी एक मोठी सावर पाडली. टिपणीस पन्नास पावलांवर वही लिहीत होते. झाड आडवं झालं आणि त्याच्या वरच्या अंगाला एक वाटोळं भोक दिसलं, मुठीएवढं. आपटल्यानं खोड तिथंच फुटलं होतं. आत तीन पिल्लं होती, अंगावर पीसही न फुटलेली. दोन मेली होती. तिसऱ्याचं पोट हलत होतं, तेही थोड्या वेळानं थांबलं.

तोडणाऱ्यांना त्यात नवीन काही नव्हतं. ते फांद्या साळायला लागले. टिपणीसही वहीकडे वळणार, तेवढ्यात त्या घरट्यातला नर आला. चोचीत काहीतरी होतं. सावरीचं खोड जिथं होतं तिथं, जमिनीपासून तीन पुरुष उंचीवर तो आला आणि बसायला पाय पुढे केले. तिथं काहीच नव्हतं. तो खाली घसरला, तोल सांभाळून दूर गेला, आणि पुन्हा नेमका त्याच उंचीवर, त्याच जागी आला. असं त्यानं सहा-सात वेळा केलं. मग शेजारच्या हेदावर बसला. चोचीतला घास त्यानं टाकला नव्हता.

टिपणिसांनी अठरा वर्षांत हजारो झाडांवर हातोडा मारला होता. झाड पडताना त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. तोडलेलं जंगल पुन्हा कसं फुटतं हे ते जाणून होते. पण त्या दिवशी त्यांनी पुढच्या झाडावर हातोडा मारला नाही. दगडूला घेऊन ते सगळं खोरं फिरले. दगडू बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ हलकेच आपटून कान लावी. कुठं आतून चिवचिव येई, कुठं भोकातून एखादं डोकं बाहेर येई. तीन दिवसांत त्यांनी राबती घरटी असलेली सतरा झाडं मोजली.

टिपणीस आपल्या वरिष्ठांकडे, रेंजरसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"टिपणीस, मेअखेरपर्यंत तोड थांबवा म्हणता? पंधरा मेनंतर गाड्या खोऱ्यात उतरणार कशा? आणि तोवर किडा काय उपास करील?"

"साहेब, तो किडा खायलाच तर ते पक्षी आलेत."

"मग फार सावकाश जेवतात ते," रेंजरसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "लेखी द्या. ठाण्याच्या ऑफिसला पाठवतो."

ठाण्याहून मार्चअखेर उत्तर आलं. तोड थांबवता येणार नव्हती. मात्र शेवटी एक ओळ होती: खोड पोकळ असलेली व विक्रीस अयोग्य अशी झाडे मार्किंग करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सोडण्यास हरकत नाही. रेंजरसाहेबांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर' या शब्दांखाली नखानं रेघ ओढली आणि कागद टिपणिसांपुढे सरकवला.

सतरा झाडांना त्यांनी चुन्याचा पट्टा ओढला. वहीत प्रत्येकापुढे 'पोकळ' असं लिहिलं. बारा-तेरांच्या बाबतीत ते खरं होतं. बाकीच्यांची खोडं खाली चांगली घट्ट होती, विकली गेली असती. नोकरीत टिपणिसांनी लिहिलेलं ते पहिलं खोटं. ते लिहिताना हात अडखळला नाही, याचं त्यांना मागाहून नवल वाटलं.

चुना मारताना सतराव्या झाडापाशी दगडू थांबला. तो एक जुना, थोरला ऐन होता. ठाकरवाडीतून ओढ्यावर जाणारी पायवाट त्याच्या बुंध्याला घासून जाई. उन्हाळ्यात वाडीतली विहीर आटली की बाया ओढ्यातल्या डोहावर पाण्याला येत, त्या ह्याच वाटेनं. दगडूनं बुंध्याशी बसून कुऱ्हाडीची पाठ आपटली.

"साहेब, ह्यो ठिवू नका."

"का?"

"खोड घट वाजतंय, पन बुडाखाली बगा. ह्या अंगाची मुळं जळून गेल्यात. वारा सुटला तर सरळ वाटंवर येईल."

टिपणिसांनी वर पाहिलं. भोकाच्या तोंडाशी मादी बसली होती, आणि आतून पिल्लांचा चांगलाच गलका येत होता.

"किती दिवस लागतील उडायला?"

"आठ. धा."

"मग दहा दिवस वाट बंद करू. काटे टाकू. वाडीत तू सांग."

दगडूनं कुऱ्हाड खांद्यावर घेतली. "सांगतो. पन बाया कोनत्या वाटंनं जातील ते वाडीत ठरत न्हाय, साहेब. त्ये डोक्यावरच्या हंड्यावर ठरतं."

तरी दोघांनी मिळून बोरीच्या काट्यांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी आडव्या टाकल्या. दुसरी वाट होती, पण ती टेकाडाला वळसा घालून, दगडांतून. रिकाम्या हंड्यानं जायला ठीक, भरल्या हंड्यानं यायला जीव काढणारी.

सहाव्या दिवशी टिपणीस तिकडे गेले तेव्हा काटे एका माणसापुरते सरकवलेले दिसले. मातीत ओल्या पावलांचे ठसे होते. त्यांनी स्वतः काटे परत ओढले. तोडणारे तिथून हाकेच्या अंतरावर होते. एक शब्द टाकला असता तर ऐन तासाभरात आडवा झाला असता. पण भोकातून एक पिल्लू मान बाहेर काढून पाहत होतं. डोक्यावरचा लाल डाग स्पष्ट दिसत होता. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणून ते पुढे गेले.

आठव्या दिवशी दुपारी वारा सुटला. पाऊस नव्हता, नुसता धुळीचा वारा. टिपणीस आणि दगडू पलीकडच्या उतारावर होते. आधी काड्कन आवाज आला, मग जमीन हादरल्यासारखी झाली, आणि मग बायांचा ओरडा. दगडूनं कुऱ्हाड तिथंच टाकली आणि धावत सुटला.

पाण्याहून चौघी येत होत्या. तिघी पुढे निघून गेल्या होत्या. चौथी दगडूची बायको, मालन. आवाज आला तशी तिनं हंडे टाकून पळायला पाहिलं होतं. खोड तिच्यावर पडलं नव्हतं, पण एका जाड फांदीनं डावा पाय गुडघ्याखाली दाबून धरला होता. ती ओरडत नव्हती. दोन्ही मुठींत माती धरून वर पाहत होती.

आठ माणसांनी दांडे घालून फांदी उचलली. वाडीतून बाज आणली. नदीच्या उतारातून, मांडीभर पाण्यातून बाज खांद्यावर धरून स्टेशनला नेली. गाडीला सव्वा तास होता. गाडीत मालनचं डोकं आपल्या तळहातांवर घेऊन दगडू खाली फरशीवर बसला. टिपणीस समोर उभे होते. खडवलीपासून ठाण्यापर्यंत दगडूनं मान वर करून टिपणिसांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी मालनचा पाय गुडघ्याखालून कापला.

त्यानंतर रोज टिपणिसांची बायको सुमती कल्याणहून डबा घेऊन जाऊ लागली. मालनला हॉस्पिटलातलं अन्न जाईना. सुमती नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण नेई आणि शेजारी बसून राही. चौथ्या दिवशी टिपणीसही गेले. दगडू बाहेर व्हरांड्यात झोपला होता. मालन उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, पण नजर स्वच्छ होती.

"कसं वाटतंय, मालन?"

"पाय खाजतोय," ती म्हणाली. "नसल्याला पाय."

टिपणीस स्टुलावर बसले. तिनं विचारलं, "त्यो ऐन तुमी पाखरांसाठी ठिवला व्हता ना? ह्यांनी सांगितलं मला."

"हो."

"मंग उडाली का पाखरं?"

टिपणीस आदल्याच दिवशी खोऱ्यात जाऊन आले होते. पडलेल्या ऐनाचं खोड नेमकं भोकापाशी चिरलं होतं. आत दोन पिल्लं होती, पूर्ण पिसांची. मुंग्या लागल्या होत्या. हो, उडाली, असं म्हणणं फार सोपं होतं. सुमती त्यांच्याकडे पाहत होती.

"नाही," ते म्हणाले. "दोन होती. दोन्ही मेली."

मालननं भिंतीकडे तोंड केलं. तशीच ती म्हणाली, "मंग कोनाचंच भलं झालं न्हाय."

सुमतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. टिपणीस उठून बाहेर आले आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

सोमवारी रेंजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. अपघाताचा रिपोर्ट ठाण्याला जायचा होता. ठेकेदाराच्या मुकादमानं आपला जबाब आधीच दिला होता: वाट बंद केलेली होती, काटे टाकलेले होते, बाई काटे सारून गेली, आणि नवरा त्याच कामावर असून त्यानं तिला आवरलं नाही.

"तुम्हीही एवढंच लिहा," रेंजरसाहेब म्हणाले. "झाड तुमच्या वहीत पोकळ आहेच. वाऱ्यानं पडलं. कोणाचा दोष नाही."

"दोष दगडूचा, असं निघतं त्यातून."

"दगडूला कोण विचारतोय? त्याची काय बढती अडणार आहे?"

टिपणिसांनी एक दिवस मागून घेतला आणि कल्याणला आले. सुमती ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. खरं लिहिलं तर काय होईल तेही सांगितलं. ठपका येईल, वेतनवाढ थांबेल, बदली होईल. पण त्यांचं मन अडकलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीत.

"ऐन पोकळ नव्हता असं लिहिलं की बाकीच्या सोळांवरचा चुना पुसला जाईल, सुमती. लगेच तोडायचा हुकूम निघेल. त्यांत पिल्लं आहेत. काहींत अजून अंडी आहेत."

सुमतीच्या हातातलं सूप थांबलं. "म्हणजे मुकाट्यानं सही केलीत तर ती सोळा झाडं राहतील."

"हो."

"आणि दगडूच्या कपाळी कायमचं लिहिलं जाईल की बायकोचा पाय त्याच्या चुकीनं गेला."

टिपणिसांनी ओसरीच्या खांबाला पाठ टेकली.

"अहो, तुम्हाला झाडाबद्दल बजावणारा तो एकटाच होता ना? मग?" तिनं सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली. "त्या पाखरांची दया मलाही येते. पण दगडूवर आळ घेऊन ती जगवायची असतील तर मला नाही पटत."

त्यांनी त्या संध्याकाळी तीन पानी रिपोर्ट लिहिला. ऐन पोकळ नव्हता. घरटं होतं म्हणून मी तो सोडला. मुळं जळाल्याचं दगडूनं मला आधीच सांगितलं होतं. सहाव्या दिवशी काटे सरकलेले मी स्वतः पाहिले, तरी झाड पाडायला सांगितलं नाही. बाईची किंवा तिच्या नवऱ्याची यात काही चूक नाही. खाली सही केली.

आठवड्याच्या आत हुकूम आला. सोळाही झाडं ताबडतोब तोडायची, छाप टिपणिसांनीच मारायची.

दगडू कामावर परत येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो चौकीसमोर येऊन उभा राहिला.

"तू आला नाहीस तरी चाललं असतं, दगडू."

"हितं आलो न्हाय तर घरी तिच्या पायाकडं बघत बसावं लागंल," तो म्हणाला. ती अजून हॉस्पिटलात होती, तरी तो असंच म्हणाला. मग जरा थांबून, "त्ये कागदात तुमी काय लिवलं ते रेंजरसायबाच्या शिपायानं सांगितलं."

दगडूनं कुऱ्हाड उचलली. "हुकूम तोडायचा हाय. पन पयलं कोनतं तोडायचं ते तर हुकमात न्हाय ना?"

नव्हतं. मग दोघांनी रोज सकाळी सोळाही झाडं फिरायचं ठरवलं. दगडू बुंध्याशी कान लावी. ज्यातून आवाज येणं बंद झालं, ज्याची पिल्लं फांद्यांवर उडताना दिसली, त्या झाडावर त्या दिवशी हातोडा पडे. वाटेच्या जवळची दोन मात्र टिपणिसांनी पहिल्याच दिवशी पाडायला लावली. एकात अंडी होती. ते झाड पडेपर्यंत ते तिथं उभे राहिले.

मुकादम रोज येऊन कटकट करी. त्याला सगळी एकदम हवी होती. टिपणीस म्हणत, "पंधरा तारीख अजून आली नाही." असं करत करत नऊ झाडांतली पिल्लं उडून गेली. सातांतली गेली नाहीत. शेवटचे तीन दिवस उरले, तेव्हा उरलेली पाच झाडं पाडावीच लागली. दगडूनं दोन वेळा कुऱ्हाड मारायच्या आधी झाडावर चढून भोकात हात घातला आणि पिल्लं धोतराच्या सोग्यात बांधून खाली आणली. चौकीत टोपलीत ठेवून त्यांना वाळवी भरवून पाहिली. चौथ्या दिवशी शेवटचं मेलं. दगडूनं ते चौकीमागे पुरलं आणि हात धुऊन आला.

पंधरा मेला आंबेखोरं साफ झालं. सकाळी चौकीच्या पायरीवर उभं राहिलं तर आता फक्त लांबून गाडीची शिट्टी ऐकू येई.

जूनमध्ये टिपणिसांची बदली शहापूरच्या बाजूला झाली. वेतनवाढ दोन वर्षं थांबली. निघण्याआधी ते ठाकरवाडीत गेले. मालन घरी आली होती. झापाच्या, कुडाच्या खोपटाच्या, दारात बसून मोहाच्या दोड्या फोडून बिया काढत होती. शेजारी दगडूनं करून दिलेली बेचक्याची काठी टेकवलेली होती. तिनं दगडूला त्यांच्यासाठी घोंगडी टाकायला सांगितली.

"चाललो मी," टिपणीस म्हणाले. "शहापूरकडे."

दगडू म्हणाला, "नवा सायेब कसा हाय?"

"चांगला आहे. तरुण आहे."

दोड्या फुटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. टिपणीस उठले तेव्हा मालननं हात थांबवले.

"तिकडंबी रान जळतं का, साहेब?"

"जळतं."

"आन् तुमी तिकडंबी झाडं ठिवनार पाखरांसाठी."

तिच्या आवाजात राग होता की नुसतं विचारणं, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी खरं ते सांगितलं. "ठेवावीत असं वाटतं. ठेवीन की नाही, माहीत नाही."

"ठिवा," मालन म्हणाली. "पन आधी बायांना इचारा, त्यांची वाट कोनती त्ये. पुरुषांना इचारू नका. पानी ते आनत न्हाईत."

त्या वर्षी डिसेंबरात, पाखरं घरटी कोरायला लागण्याच्या कितीतरी आधी, टिपणिसांनी शहापूरच्या राउंडातल्या जळक्या कूपाचं, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्याचं, मार्किंग हाती घेतलं. तोड लवकर उरकावी आणि वाटांपासून लांबची काही मेलेली झाडं मुद्दाम सोडावीत, असा प्रस्ताव त्यांनी आधीच पाठवला होता. या वेळी त्यात खोटं काही नव्हतं. घरट्यांसाठी, असंच स्पष्ट लिहिलं होतं. वरिष्ठांनी अकरा झाडांना परवानगी दिली होती.

पहिल्या दिवशी हातोडा चौकीतच ठेवून ते कूपाच्या खालच्या पाड्यावर गेले. बाया अंगणात जमल्या, पण कोणी पुढे होईना. सरकारी माणूस वाटा विचारतो म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार. शेवटी जनाबाई नावाची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"वाट दाखवली का बंद करशील तू."

"वाट बंद करणार नाही, आजी. वाटेवर मेलेलं झाड असेल तर ते पाडीन. लांबचं असेल ते ठेवीन."

"कशापायी ठेवशील?"

"सुतारपक्ष्यांसाठी."

बाया हसल्या. जनाबाई हसली नाही. ती चालायला लागली आणि टिपणीस वही घेऊन तिच्या मागे निघाले. दुपारपर्यंत तिनं पाण्याची वाट दाखवली, सरपणाच्या फाट्यांची दाखवली, शेजारच्या पाड्याला जाणारी दाखवली, मुलं गुरं नेतात ती दाखवली. प्रत्येक वाटेवरची मेलेली झाडं टिपणिसांनी लिहून घेतली. एका खिंडीपाशी आल्यावर मात्र ती थांबली. तिथून एक बारीक पायवाट झाडीत शिरत होती.

"ही कुठं जाते?"

"कुठं न्हाय."

टिपणिसांना कळलं. पाड्यातले लोक चोरून फाटी तोडायला जात, त्याची ती वाट होती. इतकी वर्षं अशाच वाटा शोधून काढण्याचा पगार त्यांनी घेतला होता. त्यांनी वही मिटली आणि पेन्सिल खिशात ठेवली.

"मी ही लिहीत नाही," ते म्हणाले. "पण तिथं एखादं मेलेलं झाड वाटेवर झुकलंय का, तेवढं सांगा."

जनाबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पदर कमरेला घट्ट खोचला.

"एक हाय," ती म्हणाली, आणि झाडीत शिरली. टिपणीस वाकून तिच्या मागे गेले.